पोलिसाविरुद्ध तक्रार केली, पुढे काय होतं?

कोल्हापुरात पोलिसाविरुद्ध दिलेल्या अर्जात शेवटची ओळ ठरलेली असते: 'तरी संबंधित कर्मचाऱ्यास तात्काळ निलंबित करून कठोर कारवाई करावी, ही विनंती.' ही मागणी करणाऱ्याला वाटतं, निलंबन म्हणजे शिक्षा. खात्याच्या लेखी चौकशीपुरतं केलेलं निलंबन ही शिक्षाच नाही. तो चौकशीच्या काळात माणसाला बाजूला ठेवण्याचा उपाय आहे. त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका, आणि चौकशी रेंगाळली तर तो वाढू शकतो. 'कंट्रोलला जमा केलं', 'मुख्यालयाला अटॅच केलं', 'बदली केली' यांतलंही काही शिक्षेच्या यादीत बसत नाही. बातमी छापून येते, लोकांचा राग निवतो आणि मूळ चौकशी मागे राहून जाते.

म्हणून आधी एवढं समजून घ्यावं की पोलिसाच्या एकाच कृत्यावर तीन स्वतंत्र वाटांनी कारवाई होऊ शकते. खात्याची वाट नोकरीवर जाते: वेतनवाढ, पद, बडतर्फी. फौजदारी वाट गुन्हा आणि तुरुंगापर्यंत जाते. तिसरी वाट हक्कभंगाची, तिथे मानवी हक्क आयोग किंवा उच्च न्यायालय भरपाई देववू शकतं. एका वाटेवर अपयश आलं म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही. न्यायालयात निर्दोष सुटलेला कर्मचारी खात्याच्या चौकशीत दोषी ठरू शकतो, कारण न्यायालयाला संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि खात्याला 'हे घडलं असण्याचीच शक्यता जास्त' एवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. विभागीय चौकशी हा शासन आणि तो कर्मचारी यांच्यातला मामला असतो. तक्रारदार त्यात पक्षकार नसतो, साक्षीदार असतो. अर्ज देऊन घरी बसलं आणि साक्षीच्या तारखेला गेलं नाही, की चौकशी अधिकारी 'दोषारोप सिद्ध होत नाही' लिहून मोकळा होतो. त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. कागदावर पुरावाच नसतो.

नेमकं काय झालं, त्यावर दार ठरतं

सगळ्यात जास्त तक्रारी गुन्हा नोंदवून न घेतल्याच्या. इथे कायदा स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती मिळाली की प्रथम खबर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि त्यातलं कलम १७३ आता लागू आहे. फरक असा, की तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. 'चौकशी चालू आहे' असं उत्तर मिळालं तर ही परवानगी घेतली आहे का आणि १४ दिवस कधी संपतात, एवढं लेखी विचारावं.

प्रत्यक्षात पोलीस 'नाही' म्हणत नाहीत. ते एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून देतात. मारहाणीत हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा. नुसतं सुजलं-खरचटलं असेल तर अदखलपात्र. त्यामुळे एक्स-रेचा अहवाल हातात येण्याआधीच एनसीचा कागद घेऊन बाहेर पडलं की प्रकरण तिथेच थंडावतं. अहवाल आल्यावर तो जोडून पुन्हा लेखी अर्ज द्यायला कुणाचीही आडकाठी नाही. जमिनीच्या किंवा पैशाच्या वादात दुसरी पद्धत चालते. 'वाद दिवाणी स्वरूपाचा असून अर्जदारास न्यायालयात दाद मागणेबाबत समज देण्यात आली', असं समजपत्र हातात पडतं. फसवणुकीसाठी खोटा दस्त केला असेल तर तो फौजदारी गुन्हा आहे, दिवाणी दावा सोबत चालू असला तरी.

ठाण्यात नोंद झाली नाही तर १७३(४) खाली माहितीचा सार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायचा. कोल्हापूरचं अधीक्षक कार्यालय कसबा बावडा रस्त्यावर आहे. हाताने अर्ज दिला तर बारनिशीत (आवक टपालाच्या विभागात) आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. तरीही कायद्यात 'पोस्टाने' असा शब्द आहे, म्हणून एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवलेली बरी. पुढे दंडाधिकाऱ्याकडे कलम १७५(३) खाली गेलात, की आधी अधीक्षकांकडे अर्ज केला होता याचा कागद आणि शपथपत्र दोन्ही लागतात. पोच नसेल तर अर्ज पहिल्याच तारखेला अडतो. तक्रार कर्तव्यावर असलेल्या लोकसेवकाविरुद्धच असेल तर १७५(४) मध्ये दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं मागवून मगच तपासाचा आदेश देतो. ही पायरी नवी आहे आणि वेळ खाते.

महिलांवरील ठरावीक गुन्ह्यांची खबर न नोंदवणं हा स्वतः गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये त्याला सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कारावास आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही कलम ४ खाली कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः त्या प्रवर्गात नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद आहे. अर्जात हे कलम नावानिशी लिहिलं की ठाण्यातला सूर बदलतो.

पैसे मागितले असतील तर अधीक्षकांकडे अर्ज करत बसू नये. थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (एसीबी), टोल फ्री १०६४. कोल्हापुरात त्यांचं युनिट आहे. अट एकच: पैसे देण्याआधी जावं. आधी मागणीची पडताळणी होते. रेकॉर्डर देऊन, पंचासमोर बोलणं करवून घेतात. 'चहापाण्याचं बघा' एवढ्यावर भागत नाही. रक्कम आणि काम यांचा संबंध बोलण्यात यावा लागतो. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात आणि घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. पैसे मध्यस्थाने घेतले तरी सुटका नाही. एसीबीच्या प्रसिद्धीपत्रकांत दिसणारा 'खासगी इसम' तो हाच. दबावाखाली पैसे देऊनच बसला असाल तर सात दिवसांच्या आत कळवावं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होऊ शकतो आणि ही सात दिवसांची सवलत जबरदस्तीने द्यावी लागलेल्यासाठीच आहे.

मारहाण आणि बेकायदा अटक: पहिल्या काही दिवसांत काय करायचं

इथे पुरावा लवकर विरतो, म्हणून जरा सविस्तर.

सर्वात आधी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय. तिथे गेलं की एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी लागणारी वैद्यकीय नोंद होते. डॉक्टरने 'कशाने झालं' विचारलं की लाजेने किंवा भीतीने 'पडलो' सांगणारे अनेक. ती एक ओळ पुढे पाच वर्षं छळते, कारण बचाव पक्ष पहिल्यांदा केसपेपरच काढतो. 'पोलिसांनी पट्ट्याने पाठीवर आणि तळपायावर मारलं' असं सांगावं आणि केसपेपरवर लिहिलं का ते बघावं. जखमांचे फोटो त्याच दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी काढावेत, कारण काळानिळेपणा नंतर जास्त उठून दिसतो. फोटोत चेहरा आणि जखम एकाच चौकटीत येईल असा निदान एक हवा.

माणूस अजून कोठडीत असेल तर डी. के. बसू निकालाने (१९९६) घालून दिलेली दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी मागावी. अटकेनंतरच्या तपासणीच्या अहवालाची प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. त्या वेळी दंडाधिकारी बहुधा विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' इथे 'नाही' म्हणालं तर रिमांडच्या कागदावर 'तक्रार नाही' असं येतं आणि नंतरची सगळी धडपड त्या दोन शब्दांशी झुंजत राहते. पोलीस शेजारीच उभे असतात, हे खरं. तरीही सांगायची जागा तीच आहे. बोलायला अवघड असेल तर वकिलामार्फत लेखी द्यावं.

मग सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, ठाणे अंमलदाराची खोली अशा ठिकाणी कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, ठेवायला सांगितलं. प्रत्यक्षात 'त्या दिवशी कॅमेरा बंद होता' हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की ते गृहीत धरूनच चालावं. म्हणून पहिला अर्ज चित्रण 'द्या' म्हणून करू नये, 'जतन करा' म्हणून करावा. तारीख, तासांची मर्यादा आणि जागा लिहावी. सरसकट 'त्या आठवड्याचं फुटेज' मागितलं की नकार सोपा होतो. ठाण्यासमोरच्या दुकानाचा किंवा बँकेचा कॅमेरा असेल तर त्या मालकालाही त्याच दिवशी पत्र द्यावं. खासगी यंत्रांत जुनं चित्रण आठ-पंधरा दिवसांतच पुसून त्यावर नवं चढतं.

पोलिसांच्या ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला असेल तर त्याची नोंद राहते. रात्रीच्या वेळी ठाण्यात नेलेला माणूस कुठे आहे हे विचारायला नातेवाइकाने ११२ लावला, तर तो कधी नेला गेला याचा पोलिसांच्याच यंत्रणेत पुरावा तयार होतो. 'आम्ही आणलाच नव्हता' आणि 'सकाळी चौकशीला स्वतःहून आला' या दोन्ही उत्तरांना ही नोंद भारी पडते.

मारणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर त्याचा बक्कल नंबर (गणवेशावरचा क्रमांक). तोही नसेल तर अंदाजे वय, अंगावर गणवेश होता की साधे कपडे, गाडीचा क्रमांक, ठाण्याच्या डीबी (गुन्हे शोध) पथकाचा होता की एलसीबीचा (जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेचा). 'अनोळखी पोलीस' एवढ्यावर कुणाला जबाबदार धरता येत नाही.

आता अर्जाची भाषा. नेहमी दिसणारा अर्ज असा: 'मला विनाकारण ठाण्यात नेऊन अमानुष मारहाण केली व अर्वाच्य शिवीगाळ करून माझी समाजात बदनामी केली.' यातून चौकशी अधिकाऱ्याला काहीच तपासता येत नाही. तीच गोष्ट अशी लिहावी: 'दि. अमुक रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास मला घरून दोन कर्मचारी घेऊन गेले. त्यांपैकी एकाचा बक्कल नंबर अमुक. ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या खोलीमागच्या खोलीत साधारण सव्वानऊ ते दहा वाजेपर्यंत ठेवले. तिथे पट्ट्याने पाठीवर मारले. दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या भावाने ११२ ला फोन केला. साडेअकराला सोडले. कोणतीही नोटीस वा अटकेचा पंचनामा दिला नाही. रात्री साडेबाराला सीपीआरमध्ये उपचार घेतले, केसपेपर क्रमांक अमुक.' प्रत्येक वाक्यातून एक तपासणी निघते: स्टेशन डायरी, कॅमेरा, ११२ ची नोंद, रुग्णालय. शिव्या आणि विशेषणं काढून टाकली की अर्ज निम्मा होतो आणि दुप्पट जड.

कोल्हापुरात कुणाकडे

आपल्याकडे अर्जाआधी ओळख शोधायची सवय. नगरसेवक, तालीम मंडळातला कुणी, 'पीआय साहेब आपल्या ओळखीचे आहेत' म्हणणारा मित्र. भेट होते, चहा होतो, 'बघतो' म्हणतात आणि कागद शून्य. महिन्याने प्रकरण चिघळलं की तक्रारीची पहिली तारीख सिद्ध करता येत नाही. भेटायचं तर खुशाल भेटावं, पण अर्ज बारनिशीत टाकून मग.

ठाण्यातल्या शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या तक्रारीसाठी उपविभागीय पोलीस अधिकारी आणि त्यावर जिल्हा पोलीस अधीक्षक. त्यावर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे पोलीस खात्याचे अधिकारी समोर असतात आणि अर्जाला टोकन क्रमांक मिळतो, म्हणून रखडलेल्या अर्जाला धक्का द्यायला त्याचा उपयोग होतो.

अधीक्षकांकडे दिलेल्या अर्जाचं बहुतेक वेळा काय होतं, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यावर 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा पडतो आणि तो फिरून ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे तिथेच येतो. म्हणून अर्जातच एक परिच्छेद घालावा: चौकशी त्या ठाण्याबाहेरील आणि तक्रार असलेल्या अधिकाऱ्याहून वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावी. हे मान्य होईलच असं नाही, पण नाकारलं तर पुढच्या दारावर दाखवायला मुद्दा मिळतो.

जबाबाला बोलावलं की जावं. जबाब वाचून मगच सही करावी, चुकीचं असेल तिथे स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती करावी. 'माझी आता कोणाविरुद्ध काही एक तक्रार राहिलेली नाही' हे वाक्य जबाबाच्या शेवटी हळूच येऊन बसतं. त्यावर सही झाली की अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे बंद. पासपोर्टची पडताळणी किंवा दुसरीच एखादी केस पुढे करून हे वाक्य लिहून घेतलं असेल, तर त्याच दिवशी वरिष्ठांना स्पीड पोस्टाने कळवावं. आठवड्याने कळवलं तर त्याची किंमत फारशी राहत नाही.

खात्याबाहेरचं दार म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी ते स्थापायला सांगितलं आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २२-पी ते २२-एस ही कलमं घातली. मुंबईचं राज्य प्राधिकरण निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली असतं आणि उपअधीक्षक व वरच्या अधिकाऱ्यांच्या तक्रारी बघतं. निरीक्षकापर्यंतच्या तक्रारी विभागीय प्राधिकरणाकडे जातात. कोल्हापूर महसुली पुणे विभागात येत असल्याने आपलं प्राधिकरण पुण्याचं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, कार्यपद्धती डावलून अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर, हे त्याचे विषय. उद्धट बोलले किंवा तपास हळू चाललाय, एवढ्यावर तिथे फार काही हाती लागत नाही. पीडित, त्याचं कुटुंब किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती तक्रार करू शकते. सोबत शपथपत्र जोडावं. न्यायालयात किंवा मानवी हक्क आयोगात चालू असलेला विषय ते सहसा हातात घेत नाहीत, म्हणून एकाच दिवशी सगळीकडे अर्ज टाकण्याचा उत्साह इथे अंगलट येतो.

प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही. त्याचा अहवाल शासनाकडे जातो. तो खात्याच्या कारवाईसाठी प्राथमिक चौकशीचा अहवाल मानला जातो आणि त्यातून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवायचा असतो. अपवादात्मक प्रकरणात शासन कारणं लिहून अहवाल नाकारू शकतं. हा अधिकार शासनाकडे ठेवल्यामुळे प्राधिकरणाचं निम्मं बळ गेलं, असं आमचं मत. तरीही ठाण्याबाहेरच्या माणसाने नोंदवलेला जबाब आणि मागवलेले कागद पुढे कुठेही उपयोगी पडतात.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत. शुल्क नाही, वकील लागत नाही. पण घटनेपासून एक वर्षानंतर आयोगाला चौकशी करता येत नाही, ही मुदत १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातच आहे. ठाणे, मग अधीक्षक, मग महानिरीक्षक असं वाट बघत बसणारे बहुतेक जण ही मुदत चुकवतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्येही कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांवर खटला किंवा दावा करायला इतर गुन्ह्यांच्या मानाने फार कमी मुदत आहे. वकिलाला पहिल्याच भेटीत हे कलम विचारावं.

उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. बेकायदा कोठडी, कोठडीतला छळ, भरपाई यांसाठीच्या रिट याचिका इथे दाखल होतात. कोठडीत ठेवलेल्या माणसाचा ठावठिकाणा लागत नसेल तेव्हा हेबियस कॉर्पस (त्याला न्यायालयासमोर हजर करा, अशी याचिका), आणि त्यात एका दिवसाचाही फरक पडतो.

कोठडीतला मृत्यू ही वेगळीच श्रेणी. २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवणं, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी आणि राज्यात सीआयडीकडे तपास. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेजारच्या सांगलीत कोठडीत तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला, त्या प्रकरणात तपास सीआयडीकडेच गेला.

खात्याच्या आत

तक्रारीत तथ्य दिसलं की आधी प्राथमिक चौकशी. ती करणारा जबाब घेतो, स्टेशन डायरी बघतो आणि कसुरी (कर्मचाऱ्याची चूक मांडणारा) अहवाल देतो. इथून दोन फाटे फुटतात. निरीक्षक आणि त्याखालच्यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २५ आणि १९५६ चे शिक्षा व अपील नियम लागू. उपअधीक्षकासारख्या राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांना १९७९ चे नागरी सेवा शिस्त व अपील नियम, आणि आयपीएस अधिकाऱ्यांना केंद्राचे १९६९ चे नियम.

हलक्या शिक्षा म्हणजे ताकीद, ठपका, जादा कवायत, एक महिन्याच्या पगाराच्या मर्यादेत दंड, वेतनवाढ रोखणं. यांना कारणे दाखवा नोटीस आणि तिचं उत्तर एवढं पुरतं. जड शिक्षा म्हणजे पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी. काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळू शकते, बडतर्फ झालेल्याला नाही. या शिक्षांसाठी रीतसर विभागीय चौकशी लागते, पोलिसांच्या बोलीत 'डीई लागली'. दोषारोपपत्र, कागदांची प्रत, बचावाचं निवेदन, साक्षीदार, उलटतपासणी, चौकशी अधिकाऱ्याचा निष्कर्ष, मग अंतिम आदेश. उलटतपासणीला तक्रारदार उभा राहतो तेव्हा त्याला जुन्या अर्जातल्या वेळांवर पकडतात. 'अर्जात नऊ, जबाबात दहा, खरं काय?' म्हणून स्वतःच्या सगळ्या अर्जांच्या प्रती ठेवून जाण्याआधी एकदा वाचाव्यात.

घटनेच्या अनुच्छेद ३११ मुळे नेमणूक करणाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने बडतर्फीचा आदेश काढलेला चालत नाही आणि चौकशी टाळता येत नाही. चौकशी करणं व्यवहार्यच नाही असं कारण लेखी नोंदवलं तर ३११(२)(ब) खाली थेट बडतर्फी होते. मुंबईत मे २०२१ मध्ये पोलीस अधिकारी सचिन वाझे यांच्याबाबत हेच कलम वापरलं गेलं. हे कलम घाईने वापरलं तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, आदेश टिकत नाही. डीईनंतरच्या आदेशांचंही तेच. दोषारोप मोघम, कागदांची प्रत दिली नाही, बचावाला संधी नाही, अशा त्रुटींवर कर्मचारी परत येतो, बहुतेक वेळा थकीत पगारासह. वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी पडतं ते गुन्हा खोटा होता म्हणून नव्हे, फाइल कच्ची होती म्हणून.

निलंबनालाही घड्याळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अजय कुमार चौधरी निकालानंतर (२०१५) तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे नेता येत नाही आणि राज्य शासनानेही २०१९ मध्ये ९० दिवसांचा तसा आदेश काढला. 'सस्पेंड केलेला तीन महिन्यांत परत ड्युटीवर कसा?' याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. निवृत्त झालेल्यावर नव्याने चौकशी करायची तर घटना चौकशी सुरू होण्याआधीच्या चार वर्षांतली असावी लागते, म्हणून निवृत्तीजवळ आलेल्या अधिकाऱ्याच्या फाइलवर लक्ष ठेवावं.

फाइल कुठे अडली, कसं कळणार

माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज अधीक्षक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याला, उत्तर ३० दिवसांत. इथे एक खड्डा आहे. 'अमुक पोलिसावर आतापर्यंत झालेल्या सर्व शिक्षांची माहिती द्या' असं विचारलं की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा दाखला देऊन 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो, आणि तो बहुधा टिकतो. त्याऐवजी स्वतःच्या अर्जाबद्दल विचारावं: 'माझा अर्ज आवक क्रमांक अमुक, दि. अमुक, कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेला वर्ग झाला, त्यावरील टिपणीची प्रत, अहवाल सादर झाल्याची तारीख, आणि अर्ज दप्तरी दाखल केला असल्यास त्या आदेशाची प्रत.' प्रश्न फाइलच्या हालचालीचा असला की नाकारायला फारसं कारण उरत नाही. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे आणि तिथेही भागलं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. दोन्ही अपिलांना प्रत्येकी वीस रुपये.